दिसणारी हालचाल आणि ऐकू येणारे कंपन : भौतिकीवर आधारित संगणकीय अ‍ॅनिमेशनमधील ध्वनिनिर्मिती

गोषवारा

संगणकीय अ‍ॅनिमेशनमध्ये वस्तूंची हालचाल भौतिकशास्त्राच्या नियमांनुसार गणिताने काढण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. त्या हालचालीतून उद्भवणारा ध्वनी मात्र आजही बहुधा वेगळा मुद्रित करून चित्राला जोडला जातो. हालचाल आणि ध्वनी या दोहोंचे कारण एकच असताना ध्वनीही त्याच गणितातून का काढू नये, या प्रश्नावर गेल्या तीन दशकांत जे संशोधन झाले, त्याची तत्त्वे आणि मर्यादा प्रस्तुत लेखात स्पष्ट केल्या आहेत. चित्र काढताना जो तपशील निरुपयोगी म्हणून गाळला जातो, तोच बहुतेक वेळा ध्वनीचा उगम असतो. त्यामुळे ध्वनिनिर्मिती ही चित्रनिर्मितीची पुरवणी ठरत नाही, तिच्यासाठी स्वतंत्र भौतिक प्रतिमान उभारावे लागते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : संगणकीय अ‍ॅनिमेशन, कंपनप्रकार, अवमंदन, ध्वनिप्रारण, बुडबुड्याचे दोलन, श्रवणबोध.

१. प्रस्तावना

स्वयंपाकघरात स्टीलचे ताट फरशीवर पडले, की शेजारच्या खोलीतील माणसाला ते न पाहताही पुष्कळ काही कळते. पडलेली वस्तू धातूची आहे, ती पसरट आहे, ती सपाट न पडता काठावर पडली, नंतर गरगरत राहिली आणि अखेरीस स्थिरावली, एवढी माहिती कान काही क्षणांत गोळा करतो. ऐकण्याच्या या प्रकाराकडे मानसशास्त्रज्ञ विल्यम गेव्हर यांनी १९९३ साली लक्ष वेधले. संगीत ऐकताना श्रोता स्वराची उंची, तीव्रता आणि गुण यांकडे लक्ष देतो. दैनंदिन व्यवहारात मात्र तो ध्वनी ऐकतच नाही, ध्वनीमागची घटना ऐकतो, असे त्यांच्या विवेचनाचे सार आहे.

चित्रपटसृष्टीला ही गोष्ट व्यवहारातून आधीच उमगली होती. बोलपटांच्या आरंभकाळात अमेरिकेतील युनिव्हर्सल स्टुडिओत काम करणारे जॅक फोले यांनी पडद्यावरील हालचाली पाहत त्या बरहुकूम आवाज काढण्याची कला विकसित केली आणि पुढे ती त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. या कलेत नारळाच्या करवंट्या आपटून घोड्याच्या टापा निर्माण होतात, सेलरीचे देठ मोडून हाड मोडल्याचा भास होतो आणि मक्याच्या स्टार्चने भरलेली पिशवी दाबून बर्फावरील पावले ऐकवली जातात. येथे ध्वनी खरा नसतो, तो खरा वाटतो, आणि चित्रपटाला तेवढे पुरते.

हे पुरेसे कोठे ठरत नाही, असा प्रश्न यातून उभा राहतो. चित्रपटातील ताट प्रत्येक खेळाला एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने पडते. संगणकीय खेळात किंवा आभासी वास्तवाच्या प्रणालीत ते कोठे, किती वेगाने आणि कोणत्या पृष्ठभागावर पडेल, हे आधी ठाऊक नसते. अशा वेळी मुद्रित आवाजांचा संग्रह कितीही मोठा असला तरी अपुरा पडतो आणि तोच तो आवाज पुन्हापुन्हा ऐकून कानाला त्याचा कृत्रिमपणा जाणवू लागतो. घटनेतून ध्वनी काढण्याची गरज येथे निर्माण होते. या दिशेने एक महत्त्वाचे पाऊल तापिओ ताकाला आणि जेम्स हान यांनी १९९२ च्या सिग्राफ परिषदेत टाकले. चित्रासाठी जशी प्रतिमा-निर्मितीची शिस्तबद्ध प्रक्रिया असते, तशीच ध्वनीसाठीही असावी, अशी मांडणी त्यांनी केली.

२. चित्राचा काळ आणि ध्वनीचा काळ

चित्र आणि ध्वनी यांच्यातील पहिला भेद काळाच्या मोजमापाचा आहे. चित्रपटात दर सेकंदाला २४ चौकटी दाखवल्या, की डोळ्याला हालचाल सलग भासते. कानाला एवढे पुरत नाही. निरोगी तरुण माणसाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्‌झ वारंवारतेचे ध्वनी ऐकू येतात. कोणताही संकेत अंकीय स्वरूपात नोंदवायचा तर त्यातील सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून अधिक नमुने दर सेकंदाला घ्यावे लागतात. म्हणूनच ध्वनितबकडीसाठी दर सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचे प्रमाण निश्चित झाले. याचा अर्थ, चित्राची एक चौकट पुढे सरकेपर्यंत ध्वनीचे १,८०० हून अधिक नमुने काढावे लागतात.

दुसरा भेद अंतराच्या मोजमापाचा आहे. डोळ्याला जाणवेल असे ताटाचे विस्थापन किमान मिलिमीटरच्या घरातले असते. याउलट, १,००० हर्ट्‌झचा जो ध्वनी कानाला जेमतेम ऐकू येतो, त्यात हवेच्या कणांचे विस्थापन अणूच्या व्यासाच्या सुमारे दहाव्या भागाइतके सूक्ष्म असते. ताट वाजते तेव्हा त्याचा पत्रा क्षणोक्षणी वाकत आणि सरळ होत असतो. पण हे वाकणे इतके अल्प असते, की चित्रासाठी ताट पूर्णपणे दृढ मानले तरी काहीच बिघडत नाही. किंबहुना, बहुतेक अ‍ॅनिमेशन प्रणाली ताट, वाटी, विटा, खुर्च्या अशा वस्तू दृढ मानूनच त्यांची गती काढतात. न वाकणारी वस्तू पडते, उसळते, घरंगळते. पण तिला स्वतःचा नाद नसतो. नादाचे मूळ असलेले सूक्ष्म वाकणे गणिताच्या पहिल्या पायरीलाच वगळलेले असते.

मग सर्व वस्तू सुरुवातीपासूनच लवचिक मानून त्यांचे प्रत्येक सूक्ष्म विस्थापन का काढू नये? जेम्स ओब्रायन, पेरी कुक आणि गेऑर्ग एसल यांनी २००१ साली हाच मार्ग अवलंबला. त्यांनी वस्तूचे लहान लहान घटकांत विभाजन करून तिच्या पृष्ठभागाचा वेग काढला आणि त्यावरून ऐकणाऱ्याच्या कानाशी निर्माण होणारा दाब निश्चित केला. पद्धत तत्त्वतः निर्दोष होती, परंतु खर्चिक होती. पोलादात ध्वनितरंग सेकंदाला सुमारे ५,००० मीटर वेगाने जातो. पत्र्याचे विभाजन एक मिलिमीटरच्या घटकांत केले, तर तरंग एक घटक ओलांडण्यास सेकंदाचा ५० लाखावा भाग घेतो. पायरीपायरीने पुढे जाणाऱ्या सरळ गणनपद्धतीत काळाची पायरी याहून मोठी ठेवली, तर गणित अस्थिर होते. एका सेकंदाच्या आवाजासाठी संपूर्ण वस्तूचे गणित सुमारे ५० लाख वेळा करावे लागते, असा याचा अर्थ होय.

३. कंपनप्रकारांचे विश्लेषण

या अडचणीतून वाट काढणारे तत्त्व भौतिकीच्या अध्यापकांना परिचित आहे. एर्न्स्ट क्लाड्नी यांनी १७८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात धातूच्या पातळ पट्टीवर वाळू पसरून आणि तिच्या कडेवर व्हायोलिनचा गज ओढून निर्माण होणाऱ्या आकृत्यांचे वर्णन केले. पट्टीचे काही भाग जोराने हलतात आणि काही रेषा स्थिर राहतात. वाळू त्या स्थिर रेषांवर गोळा होते. प्रत्येक आकृती ही पट्टीच्या एका नैसर्गिक कंपनप्रकाराचे चित्र असते आणि प्रत्येक कंपनप्रकाराला त्याची ठरावीक वारंवारता असते. वस्तूचे कोणतेही लहान कंपन हे अशा कंपनप्रकारांच्या अध्यारोपणातून व्यक्त करता येते.

गणिताच्या भाषेत वस्तूचे समीकरण असे मांडले जाते : वस्तुमान गुणिले त्वरण, अधिक अवमंदन गुणिले वेग, अधिक ताठरता गुणिले विस्थापन, बरोबर बाह्य बल. वस्तूचे विभाजन १०,००० बिंदूंत केले असेल, तर प्रत्येक बिंदूच्या तीन दिशा धरून ही ३०,००० परस्परावलंबी समीकरणे होतात. वस्तुमान आणि ताठरता यांच्या सारणींवरून आयगेन मूल्ये काढली, की हीच समीकरणे एकमेकांपासून सुटी होतात. प्रत्येक सुटे समीकरण एका कंपनप्रकाराचे असते आणि त्याचे उत्तर म्हणजे हळूहळू विरत जाणारी एक साधी ज्या-लहर. यांतील श्राव्य मर्यादेबाहेरचे कंपनप्रकार वगळले, की काही डझन ते काही शेकडा एवढेच उरतात. शंभर कंपनप्रकार धरले तरी सेकंदाला ४४ लाख १० हजार साधी अद्ययावतीकरणे होतात, आणि ती आजचा सामान्य संगणक सहज पार पाडतो. सारणींचे अवघड गणित प्रत्येक वस्तूसाठी एकदाच, आधी करून ठेवता येते. केस व्हान डेन डूल आणि दिनेश पै यांनी १९९८ मध्ये या तत्त्वावर वस्तूच्या आकारातून तिचा नाद काढण्याची मांडणी केली. २००१ मध्ये पॉल क्राय यांच्यासह त्यांनी आपटणे, घासणे आणि घरंगळणे या तिन्ही क्रियांचे ध्वनी घटना घडत असतानाच निर्माण करणारी ‘फोलेऑटोमॅटिक’ ही प्रणाली सादर केली.

या पद्धतीचे मर्म असे, की तीन स्वतंत्र गोष्टींची माहिती तीन स्वतंत्र ठिकाणांहून येते. कोणत्या वारंवारता उपलब्ध आहेत, हे वस्तूचा आकार आणि द्रव्य ठरवतात. त्यांपैकी कोणत्या किती प्रमाणात उमटतील, हे आघाताचे स्थान ठरवते. कारण एखाद्या कंपनप्रकाराच्या स्थिर रेषेवरच आघात झाला, तर तो प्रकार मूक राहतो. आणि आघात किती काळ टिकला, यावर ध्वनीचा तीक्ष्णपणा अवलंबून असतो. लाकडी रवीने वाटी ठोकली तर आवाज मऊ येतो आणि लोखंडी उलथन्याने ठोकली तर तो खणखणीत येतो. वाटी तीच असते, पण कठीण वस्तूचा स्पर्श अल्पकाळ टिकतो आणि म्हणून उच्च वारंवारताही जागृत करतो.

भारतीय वाचकाला या विश्लेषणाचे एक जवळचे उदाहरण ठाऊक आहे. सर्वत्र सारख्या जाडीच्या ताणलेल्या वर्तुळाकार पडद्याच्या वारंवारता १ : १.५९ : २.१४ अशा विस्कळीत प्रमाणात असतात. त्यामुळे साध्या ढोलातून निश्चित सूर उमटत नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये एस. कुमार यांच्यासमवेत प्रसिद्ध केलेल्या टिपणात मृदंगवर्गीय वाद्यांचे अधिस्वर सुसंवादी असल्याचे दाखवून दिले. पुडीवरील शाईचा थर वस्तुमानाची वाटणी बदलतो आणि विस्कळीत वारंवारता पूर्णांकी प्रमाणात आणून बसवतो. संगणकीय प्रतिमानाच्या भाषेत सांगायचे तर शाई म्हणजे वस्तुमानाच्या सारणीतील बदल होय. त्या थराने चित्रात पडणारा फरक केवळ एका काळ्या वर्तुळाचा. ध्वनीत मात्र वाद्याचे वाद्यपण त्याच्यावर अवलंबून असते.

४. पृष्ठभागापासून कानापर्यंत

वस्तू कंप पावली म्हणजे ती ऐकू आलीच असे नाही. प्रयोगशाळेतील नादकाटा वाजवून कानाजवळ स्वतःभोवती फिरवला, तर एका फेरीत आवाज चार वेळा वाढतो आणि चार वेळा जवळजवळ नाहीसा होतो. काट्याच्या भुजा एकाच वेळी काही बाजूंना हवा दाबतात आणि काही बाजूंना ती विरळ करतात, आणि काही दिशांना हे परिणाम परस्परांना छेद देतात. प्रत्येक कंपनप्रकार हवेत किती ऊर्जा सोडतो आणि कोणत्या दिशेने सोडतो, याला ध्वनिप्रारण म्हणतात. ध्वनीची तरंगलांबी आणि वस्तूचा आकार यांच्या गुणोत्तरावर ते अवलंबून असते. हवेत २० हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे १७ मीटर, तर २०,००० हर्ट्‌झच्या ध्वनीची १.७ सेंटिमीटर असते. ताटासारखी वस्तू या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी येते. म्हणूनच तिचे काही कंपनप्रकार जोराने कंप पावूनही कानापर्यंत फारसे पोहोचत नाहीत.

प्रत्येक कंपनप्रकाराभोवतीच्या हवेतील दाबाचे समीकरण सोडवणे वेळखाऊ असते. डग जेम्स, येर्ने बार्बिच आणि दिनेश पै यांनी २००६ मध्ये यावर एक उपाय सुचवला. दाबाचे क्षेत्र आधीच काढून ठेवायचे आणि वस्तूच्या आत कल्पिलेल्या मोजक्या बिंदुस्रोतांच्या साहाय्याने ते संक्षेपाने साठवायचे. मग ऐकणारा कोठेही असला तरी त्याच्या ठिकाणचा दाब तत्काळ मिळतो. पुढे २०१८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाशी संबंधित गटाने हवेतील तरंग थेट काळाच्या अक्षावर सोडवणारी एक सर्वसमावेशक पद्धत मांडली. हलणाऱ्या वस्तू, त्यांच्यावर आदळून वळणारे तरंग आणि निरनिराळ्या प्रकारचे ध्वनिस्रोत हे सर्व तिच्यात एकाच चौकटीत हाताळले जातात. तिचा गणनखर्च मोठा आहे. परंतु भांड्यावर हात धरला म्हणजे आवाज कसा बदलतो, यासारखा परिणाम तिच्यात वेगळा जोडावा लागत नाही, तो समीकरणातूनच निघतो.

५. एकाच प्रतिमानाच्या मर्यादा

कंपनप्रकारांचे प्रतिमान जाड वाटीला शोभते, पण सर्व वस्तूंना ते लागू पडत नाही. ते कोठे अपुरे पडते, हे पाहिले म्हणजे चित्र आणि ध्वनी यांतील अंतर अधिक स्पष्ट होते.

पहिली मर्यादा पातळ पत्र्याची. कंपने लहान असतील तोवरच निरनिराळे कंपनप्रकार परस्परांपासून अलिप्त राहतात. पातळ पत्रा जोराने आदळला, की त्याचे विस्थापन जाडीच्या तुलनेत मोठे होते आणि एका कंपनप्रकाराची ऊर्जा दुसऱ्यात शिरते. पत्र्याचा गडगडाट किंवा झांजेचा सुरुवातीला मंद आणि मग उसळून पसरणारा नाद याच कारणाने निर्माण होतो. जेफ्री चॅडविक, स्टीव्हन अ‍ॅन आणि डग जेम्स यांनी २००९ मध्ये अशा कवचसदृश वस्तूंसाठी कंपनप्रकारांची ही देवाणघेवाण गणितात आणली.

दुसरी मर्यादा अगदी लहान वस्तूंची. काचेच्या दोन गोट्या एकमेकींवर आदळल्या, की स्पष्ट ‘टक्’ असा आवाज येतो. परंतु नेहमीच्या आकाराच्या गोटीची सर्वांत खालची नैसर्गिक वारंवारताही एक लाख हर्ट्‌झच्या वर असते, म्हणजेच ती मानवी श्रवणमर्यादेच्या कितीतरी पलीकडे असते. मग ऐकू येणारा आवाज कशाचा? गोटीची गती अकस्मात बदलते, त्या झटक्याने भोवतालची हवा ढकलली जाते आणि त्या दाबाचा स्पंद कानापर्यंत येतो. केवळ कंपनप्रकारांवर विसंबणाऱ्या प्रणालीत गोट्या मूक राहतील. हा त्वरणजन्य ध्वनी २०१२ मध्ये चॅडविक, चांगशी झेंग आणि जेम्स यांनी या प्रतिमानात समाविष्ट केला.

तिसरी मर्यादा पाण्याची, आणि तीच सर्वांत बोधक आहे. पडद्यावर ओतले जाणारे पाणी विलक्षण हुबेहूब दिसू शकते. ते काढताना बहुतेक वेळा केवळ द्रवाचे गणित केले जाते; त्यात अडकलेल्या हवेकडे दुर्लक्ष होते, कारण चित्राला त्याने फारसा फरक पडत नाही. परंतु पाण्याचा खळखळाट मुख्यतः पाण्याचा नसतोच. मार्सेल मिनार्ट यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की पाण्यात अडकलेला हवेचा बुडबुडा आकुंचन-प्रसरण पावत दोलन करतो आणि सामान्य वातावरणीय दाबाखाली त्याची वारंवारता त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते. एक मिलिमीटर त्रिज्येच्या बुडबुड्याची वारंवारता सुमारे ३,३०० हर्ट्‌झ, तर एक सेंटिमीटर त्रिज्येच्या बुडबुड्याची सुमारे ३३० हर्ट्‌झ येते. गळत्या नळाच्या थेंबाचा परिचित ‘टप्’ हादेखील थेंब आपटल्याचा आवाज नसून पृष्ठभागाखाली अडकलेल्या बुडबुड्याच्या दोलनाचा आहे, हे केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये अतिवेगवान छायाचित्रण आणि ध्वनिमापन यांच्या साहाय्याने तपासून पाहिले. झेंग आणि जेम्स यांनी २००९ मध्ये जलप्रवाहाच्या अ‍ॅनिमेशनमध्ये बुडबुडे मुद्दाम निर्माण केले, त्यांची दोलने काढली आणि मग प्रवाहाला आवाज दिला. चित्रासाठी गाळलेली हवाच ध्वनीसाठी परत आणावी लागली. लेखाच्या मध्यवर्ती प्रतिपादनाला याहून नेमके उदाहरण क्वचितच सापडेल.

चौथी मर्यादा वस्त्र आणि अग्नी यांसारख्या विषयांची. कापडाच्या सळसळीत असंख्य सूक्ष्म घर्षणे असतात. त्या सर्वांचे गणित आवाक्याबाहेरचे ठरते. अ‍ॅन, जेम्स आणि स्टीव्ह मार्शनर यांनी २०१२ मध्ये कापडाच्या गणिती हालचालीवरून मुद्रित सळसळीचे योग्य तुकडे निवडून जोडण्याचा मध्यममार्ग स्वीकारला. अग्नीच्या बाबतीत चॅडविक आणि जेम्स यांनी २०११ मध्ये ज्वालेच्या गणितातून कमी वारंवारतेचा घुमारा काढला आणि उच्च वारंवारतेचा तपशील वेगळ्या पद्धतीने भरला. जेथे भौतिकीचे गणित परवडत नाही, तेथे नोंदीचा आधार घ्यावा लागतो, हे या उदाहरणांतून दिसते.

६. कानाची कसोटी

एवढ्या परिश्रमाने काढलेला ध्वनी बरोबर आहे, हे ठरवायचे कोणी? येथे भौतिकशास्त्राचे क्षेत्र संपत नसले, तरी मानसशास्त्राचे सुरू होते.

द्रव्याची ओळख हे याचे उत्तम उदाहरण आहे. एकाच आकाराच्या व मापाच्या वस्तूंच्या वारंवारता द्रव्यातील ध्वनिवेगाच्या प्रमाणात असतात आणि हा वेग यंगचा गुणांक व घनता यांच्या भागाकाराच्या वर्गमूळावरून मिळतो. पोलादासाठी तो सेकंदाला सुमारे ५,०५० मीटर, अ‍ॅल्युमिनियमसाठी ५,१०० मीटर, तर काचेसाठी ५,३०० मीटरच्या आसपास येतो. पितळेसाठी तो सुमारे ३,४०० मीटर असतो. म्हणजे पितळी ताट स्टीलच्या ताटापासून स्वराच्या उंचीवरून वेगळे काढता येईल. परंतु पोलाद, अ‍ॅल्युमिनियम आणि काच यांच्यात त्या आधाराने भेद करणे कठीण आहे. रिचर्ड वाइल्ड्स आणि व्हिटमन रिचर्ड्स यांनी १९८८ मध्ये सुचवले, की द्रव्याची खूण वारंवारतेपेक्षा ध्वनी विरण्याच्या गतीत, म्हणजे अंतर्गत घर्षणात, शोधावी. लाकूड लगेच गप्प होते, धातू रेंगाळतो. ब्रुनो जॉर्डानो आणि स्टीफन मॅकअ‍ॅडम्स यांनी २००६ मध्ये पोलाद, काच, लाकूड आणि प्लेक्सिग्लास यांच्या पट्ट्यांचे आवाज श्रोत्यांना ऐकवले. पोलाद-काच हा एक गट आणि लाकूड-प्लेक्सिग्लास हा दुसरा गट श्रोत्यांनी अचूक वेगळे केले. पण एकाच गटातील दोन द्रव्यांत त्यांचा गोंधळ झाला आणि तेथे त्यांचा निर्णय बराचसा पट्टीच्या आकारावर अवलंबून राहिला.

संगणकीय ध्वनिनिर्मितीच्या दृष्टीने हा निष्कर्ष सोयीचा आहे, तसाच अडचणीचाही. सोय अशी, की जे कानाला कळत नाही ते काढण्याची गरज उरत नाही. निकुंज रघुवंशी आणि मिंग लिन यांनी २००६ मध्ये अगदी जवळजवळच्या वारंवारतांचे कंपनप्रकार एकत्र करून शेकडो वस्तूंचे ध्वनी एकाच वेळी निर्माण करण्याची पद्धत दाखवली, ती याच आधारावर. अडचण अशी, की कान ज्या अवमंदनावर सर्वाधिक विसंबतो, तेच भौतिक सिद्धांतातून काढणे सर्वांत कठीण असते. वस्तूची ताठरता आणि घनता कोष्टकातून घेता येतात. अवमंदन मात्र द्रव्याच्या अंतर्गत रचनेवर, वस्तूला असलेल्या आधारावर, स्पर्शावर आणि हवेवरही अवलंबून असते. वाजणाऱ्या वाटीला बोट लावताच ती गप्प होते, हे साधे निरीक्षणही प्रतिमानात आणण्यासाठी संपर्काचे स्वतंत्र गणित लागते. व्यवहारात बहुतेक वेळा रॅले यांच्या नावाने ओळखले जाणारे सोपे सूत्र वापरून त्यातील दोन स्थिरांक कानाने जुळवून घेतले जातात. २०१३ मध्ये झिमिन रेन, हेंगचिन ये आणि मिंग लिन यांनी वस्तूच्या एकाच ध्वनिमुद्रणावरून असे स्थिरांक शोधण्याची रीत मांडली. गणिताच्या गाभ्यातच मोजणीची अशी गरज शिल्लक राहते.

याच ठिकाणी खरे आणि खरे वाटणारे यांतील प्रश्न पुन्हा उभा राहतो. मार्क कॅट्‌झ यांनी १९६६ मध्ये विचारले होते, की ढोलाचा आकार केवळ त्याच्या वारंवारतांवरून ओळखता येईल काय? कॅरोलिन गॉर्डन, डेव्हिड वेब आणि स्कॉट वोल्पर्ट यांनी १९९२ मध्ये भिन्न आकाराचे, तरीही अगदी समान वारंवारता असलेले दोन पडदे दाखवून नकारार्थी उत्तर दिले. एका ध्वनीमागे एकाहून अधिक कारणे संभवतात. त्यामुळे ध्वनी कानाला पटला, म्हणून त्यामागचे प्रतिमान बरोबर आहे असे सिद्ध होत नाही. अँड्र्यू ओवेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ढोलाच्या काठीने निरनिराळ्या वस्तू ठोकतानाच्या चित्रफिती संगणकाला दाखवून, मूक चित्रावरून आवाज सुचवण्याचे शिक्षण त्याला दिले. असे काही आवाज श्रोत्यांना खरे वाटले. ही पद्धत उपयुक्त आहे, परंतु फोले कलावंताप्रमाणे तीही परिणाम साधते, कारण सांगत नाही. मनोरंजनासाठी हा भेद गौण ठरेल. यंत्रमानवाला स्पर्शावरून आणि आवाजावरून वस्तू ओळखण्यास शिकवायचे असेल, किंवा एखादे भांडे, वाद्य अथवा यंत्राचा भाग घडवण्यापूर्वीच त्याचा आवाज जाणून घ्यायचा असेल, तर मात्र पटणारा पण चुकीचा ध्वनी हानिकारक ठरतो.

७. अध्यापनातील स्थान

या विषयाचा अभ्यास एका विभागात मावणारा नाही. आयगेन मूल्ये गणिताच्या तासाला शिकवली जातात, कंपने भौतिकशास्त्राच्या, संख्यात्मक पद्धती संगणकशास्त्राच्या आणि श्रवणबोध मानसशास्त्राच्या. विद्यार्थ्यासमोर हे चारही विषय एकमेकांशी अपरिचित राहतात. त्यांना एकत्र आणणारा प्रयोग महाविद्यालयात अल्प खर्चात करता येईल. धातूची एक सपाट पट्टी घ्यावी आणि तिच्या स्थिर रेषांपाशी ती दोऱ्याने टांगावी. दोन्ही टोके मोकळी असलेल्या पट्टीच्या पहिल्या कंपनप्रकारासाठी या रेषा प्रत्येक टोकापासून लांबीच्या सुमारे २२ टक्के अंतरावर असतात. पट्टी ठोकून तिचा आवाज भ्रमणध्वनीवर नोंदवावा, ऑडॅसिटीसारख्या मोफत आज्ञावलीत त्याचा वर्णपट काढावा आणि पट्टीच्या मापांवरून गणिताने मिळणाऱ्या वारंवारतांशी तो ताडून पाहावा. वारंवारता बऱ्याच अंशी जुळतील. त्यांच्या आधारे संगणकावर तयार केलेला ध्वनी मात्र, अवमंदन योग्य नसेल, तर लाकडाचा किंवा घंटेचा वाटेल. पुस्तकातील समीकरणात सहसा दुर्लक्षित राहणारे पद कानाला किती महत्त्वाचे असते, हे विद्यार्थ्याला त्या क्षणी व्याख्यानाविना कळते.

८. समारोप

भौतिकीवर आधारित ध्वनिनिर्मितीचा गेल्या तीन दशकांतील प्रवास पाहता काही निष्कर्ष संभवतात. एक, चित्र आणि ध्वनी यांचे कारण एक असले, तरी त्या कारणाचे वेगवेगळे अंश डोळा आणि कान टिपतात. चित्राच्या प्रतिमानातून पत्र्याचे सूक्ष्म वाकणे, गोटीभोवतीची हवा आणि पाण्यातील बुडबुडे वगळले जातात, आणि ध्वनीचा उगम नेमका तेथे असतो. दोन, सर्व वस्तूंना पुरणारे एकच सोपे प्रतिमान अद्याप हाती नाही. व्यापक तरंगपद्धती उपलब्ध असल्या, तरी त्यांचा गणनखर्च मोठा आहे. तीन, काय ठेवावे आणि काय गाळावे, याचा निवाडा श्रवणबोधाच्या अभ्यासावरच सोपवावा लागतो. मात्र कानाचे समाधान म्हणजे भौतिक सत्याचा पुरावा नव्हे. ज्या उपयोगात ध्वनीकडून केवळ परिणामाची अपेक्षा आहे, तेथे मुद्रित आवाज आणि फोले कलावंताचे कौशल्य यापुढेही पुरेसे ठरेल. ज्या उपयोगात ध्वनीकडून माहितीची अपेक्षा आहे, तेथे त्याचे कारण गणिताने मांडण्यावाचून पर्याय नाही. या दोन अपेक्षांपैकी कोणती आपल्यासमोर आहे, हे आधी निश्चित करणे, ही या क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्याची पहिली पायरी होय.